लाभार्थ्यांची यादी 'वैयक्तिक' कशी झाली?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सरकारी नोकरीतील शेवटची अकरा वर्षे मी एका तालुका कार्यालयात जन माहिती अधिकारी म्हणून काम केले. माहितीच्या अर्जांचा जाच काय असतो, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. एकाच माणसाचे महिन्याला चाळीस अर्ज, दहा वर्षांच्या सगळ्या रोजकीर्दींच्या नकला मागणारे महाभाग, आणि माहिती तयार करून ठेवल्यावर पानाला दोन रुपये भरायलाही न फिरकणारे अर्जदार हे सर्व मी पाहिले आहे. एवढे सांगूनही आज हे पत्र मी अर्जदारांच्या बाजूने लिहीत आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्यासमोर दोन कागद आले असून, ते शेजारीशेजारी ठेवले की माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात झालेल्या एका दुरुस्तीचा परिणाम विनासायास दिसतो.

पहिला कागद म्हणजे मला आलेले उत्तर. आमच्या गावात घरकुल योजनेत कोणाची घरे मंजूर झाली, प्राधान्यक्रमात त्यांचा क्रमांक कितवा होता आणि कोणता हप्ता कोणत्या तारखेस दिला गेला, एवढीच माहिती मी नेहमीच्या 'जोडपत्र अ'मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मागितली होती. आधार क्रमांक, खाते क्रमांक, जात किंवा कुटुंबातील आजारपण यांपैकी काहीही मागितले नव्हते. तिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने सुधारित कलम ८ (१) (ञ) अन्वये देता येत नाही. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

दुसरा कागद मी मागितलेला नव्हता. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर पीक नुकसानीच्या अनुदानासाठी ज्यांची केवायसी अडली होती त्यांची यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. लोकांना लवकर कळावे हा हेतू चांगलाच होता. परंतु त्या यादीत नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र यांच्यापुढे मोबाइल क्रमांक, बँकेचा पूर्ण खाते क्रमांक आणि आधारचे बाराही आकडे होते. आठवड्याच्या आत शेजारच्या वस्तीवरील एका आजींना फोन आला. बोलणाऱ्याला त्यांचा गट क्रमांक आणि अनुदानाची रक्कम तोंडपाठ होती आणि तो ओटीपी मागत होता. फोन नातवाच्या हाती होता म्हणून पुढचे टळले. त्या फोनचा या यादीशी संबंध होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ही यादी आता किती फोनमध्ये आहे, हे यादी टाकणारेही सांगू शकणार नाहीत.

म्हणजे जे गावाला कळायलाच हवे ते वैयक्तिक ठरले, आणि जे खरोखर वैयक्तिक आहे ते गावभर फिरले. हे दोन्ही कागद एकाच तालुक्यातील आहेत.

आता कायद्याकडे वळतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला, त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता. केंद्राच्या कायद्यातील ज्या कलम ८ (१) (ञ) ला कचेरीच्या बोलीत आम्ही 'आठ-एक-जे' म्हणत असू, ते मूळचे बरेच लांब होते. वैयक्तिक माहितीचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती उघड केल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होणार असेल, तर ती नाकारावी. मात्र व्यापक जनहितासाठी ती देणे योग्य आहे असे जन माहिती अधिकाऱ्याला किंवा अपिलीय प्राधिकाऱ्याला वाटले तर ती द्यावी. आणि जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशी त्याची रचना होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४ (३) ने हे सारे काढून टाकले. आता तिथे फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. सार्वजनिक कामाशी संबंध, विनाकारण घुसखोरी, जनहित आणि विधिमंडळाची कसोटी, हे चारही अडसर निघाले आणि नाकारण्याची वाट मोकळी झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटेल, पण टेबलाच्या आतल्या बाजूला त्या शब्दांचा उपयोग काय होता, हे मी अनुभवाने सांगतो. जुन्या कलमाखाली नकार द्यायचा तर टिपणी लिहावी लागे. या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध का नाही, घुसखोरी कोणाच्या आयुष्यात आणि कशी होते, जनहित का दिसत नाही, ही तीन वाक्ये तरी लिहावी लागत आणि ती लिहिता लिहिता निम्म्या वेळा आपलाच नकार आपल्याला लटका वाटू लागे. आता एक वाक्य पुरते, आणि ते संगणकात साठवून ठेवता येते. मला आलेल्या उत्तरात गावाचे नावही चुकले आहे. त्यावरून ते दुसऱ्या कोणाच्या उत्तरावरून उतरवले असावे, अशी मला दाट शंका आहे.

माहिती द्यायची आणि खासगीपणही राखायचे, यासाठी मूळ कायद्यात सोय नव्हती असे मुळीच नाही. कलम १० प्रमाणे कागदाचा न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यायचा असतो. आमच्याकडे हे कसे चालत असे ते सांगतो. आधार क्रमांकावर काळ्या मार्करने रेघ मारली तर नक्कल उजेडात धरल्यावर आकडे दिसतात, हे पहिल्या दोन-तीन अर्जांतच आमच्या लक्षात आले. मग आमच्या अव्वल कारकुनांनी जुन्या मस्टरच्या पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या कापल्या. मूळ यादीवर खाते क्रमांकाच्या रकान्याभर पट्टी ठेवायची, ती सरकू नये म्हणून वरखाली यूपिन लावायची आणि मग झेरॉक्स काढायची. नकलेत तो रकाना कोरा दिसतो आणि नाव, रक्कम, तारीख स्वच्छ उमटते. त्या पट्ट्या ज्या पाकिटात होत्या त्याच्यावर त्यांनी निळ्या शाईने 'कलम १०' असे लिहून ठेवले होते. यादी ऐंशी पानांची असली तरी हे काम दोन तासांत होई. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ती यादी तर संगणकात तयार झालेली होती. तीन रकाने पुसायला दोन मिनिटेही लागली नसती.

जुनी व्यवस्था निर्दोष होती, असा माझा दावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली देशपांडे प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्याला बजावलेल्या कारणे दाखवा नोटिसा, त्याच्यावरील कारवाई आणि त्याची मालमत्ता हे सर्व वैयक्तिक माहितीत मोडते असे म्हटले, त्यानंतर राज्यभर त्या निकालाचा आधार घेऊन नकार देण्याची रीतच पडली. मीसुद्धा तो निकाल दोन-तीनदा ढालीसारखा पुढे केला आहे, आणि त्यातला एक नकार तरी मी देऊ नये असा होता. पण त्या निकालातही जनहिताची फट शिल्लक होती, आणि २०१९ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपण आणि जनहित यांचे पारडे प्रत्येक प्रकरणात तोलून पाहायचे असते, हे स्पष्ट केले. नवीन कलमाने त्या तराजूचे एक पारडेच उचलून नेले.

दुरुस्तीच्या बाजूने सांगितले जाते की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले आहे आणि कायदा त्याला धरून असला पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे. सरकारी दप्तरातील उघड्या कागदांनी माणसांचे किती नुकसान होते, याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. २०१७ मध्ये सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक सर्रास दिसत होते, ही माहिती सरकारकडूनच बाहेर आली. २०१८ मध्ये तेलंगणात एका इसमाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांतून अंगठ्याचे ठसे उचलले, त्यांच्या रबरी प्रतिकृती केल्या आणि त्यांवर सिमकार्डे चालू करून घेतली. दस्त पाहता यायलाच हवा, कारण जमीन कोणी कोणाला विकली हे कळले नाही तर एकच प्लॉट तिघांना विकला जातो. अंगठ्याचा ठसा मात्र पाहणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. इथेही एक पट्टी पुरली असती.

याच प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माहिती मागणाऱ्याचे नाव-पत्ता हीसुद्धा वैयक्तिक माहिती असते. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उजेडात आणले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. अर्ज आला की तासाभरात 'अर्जदार कोण, कुठला, कोणाचा माणूस' हे संबंधितांना कळते, हे कार्यालयात काम केलेला कोणीही नाकारणार नाही. अर्जदाराने टपालपेटीचा क्रमांक दिला तरी चालावे, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ सालीच म्हटले होते. वैयक्तिक माहितीची एवढी काळजी असणाऱ्यांनी सुरुवात इथून केली असती तर मी त्यांचे स्वागत केले असते.

प्रत्यक्षात काय झाले? २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वेळी माहिती अधिकाराच्या कलमातील दुरुस्ती तात्काळ लागू झाली. ज्या तरतुदींनी माझे-तुमचे संरक्षण व्हायचे, म्हणजे माहिती घेताना कशासाठी घेतो ते सांगणे, संमती घेणे, ती सुरक्षित ठेवणे, फुटली तर कळवणे आणि कसूर झाल्यास दंड होणे, त्यांना मात्र अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. हिशेब केला तर मे २०२७ येतो. खासगीपणाच्या नावाने आलेल्या कायद्यातील दार लावणारा भाग आज लागू आहे आणि कुलूप देणारा भाग दीड वर्षाने येणार आहे. त्या आजींना आलेल्या फोनच्या बाबतीत हा कायदा आजच्या तारखेला काहीही करू शकत नाही. माझा अर्ज नाकारण्यासाठी मात्र तो हजर आहे.

दंडाच्या आकड्यांचाही परिणाम होतो, तो ओघात सांगतो. माहिती विनाकारण अडवली तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, असा दंड होऊ शकतो. तो प्रत्यक्षात क्वचितच होतो. डेटा संरक्षण कायद्यातील कमाल दंड २५० कोटी रुपयांचा आहे. तो संस्थेला आहे, टेबलावरील माणसाला नाही, आणि कायद्याने प्रसिद्ध कराव्या लागणाऱ्या माहितीसाठी तर नाहीच. पण प्रशिक्षणात हा आकडा ऐकून आलेला सहायक एका बाजूला २५० रुपये आणि दुसऱ्या बाजूला २५० कोटी ठेवून काय निर्णय घेईल, हे सांगायला नको.

सरकारचे यावरचे उत्तर असे की कलम ८ (२) शाबूत आहे. जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण कोणतीही माहिती देऊ शकते, असे ते कलम म्हणते आणि ते खरेच शाबूत आहे. पण त्यातील 'सार्वजनिक प्राधिकरण' हा शब्द पाहावा. जुन्या कलमात जनहित पाहण्याचे काम थेट जन माहिती अधिकाऱ्यावर सोपवलेले होते आणि तो त्याच्या निर्णयाचा भाग होता. आता देण्यासाठी धारिका वर पाठवावी लागेल आणि न देण्यासाठी काहीच करावे लागणार नाही. कोणता कर्मचारी न मागता धारिका वर पाठवील? मग अर्जदार पहिले अपील करणार, तिथेही तीच ओळ येणार, आणि दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे जाणार, जिथे गेली काही वर्षे प्रलंबित प्रकरणांचा आकडा लाखाच्या आसपास घोटाळतो आहे. घरकुलाचा हप्ता चुकीच्या माणसाला गेला की नाही, हे कळेपर्यंत त्या घरावर स्लॅब पडून रंगही झालेला असेल.

शिवाय लाभार्थ्यांची यादी मुळात मागावीच लागू नये. कलम ४ (१) (ख) प्रमाणे अनुदानाच्या योजनांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील, सवलती व परवाने मिळालेल्यांची माहिती, अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन हे सर्व प्रत्येक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचे असते. आणि डेटा संरक्षण कायद्याचे कलम ३ सांगते की जी वैयक्तिक माहिती एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केली जाते, तिला डेटा संरक्षण कायदा लागूच होत नाही. म्हणजे दोन्ही कायदे नीट वाचले तर घरकुलाची यादी आजही खुलीच आहे. माझी तक्रार हीच आहे की नवे कलम इतके आखूड आहे की पुढची-मागची कलमे वाचायची कोणालाच गरज वाटत नाही.

नावाशिवाय हिशेब तपासता येत नाही, हे महाराष्ट्राला तरी नव्याने पटवून द्यायला नको. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत सदनिका कोणाकोणाच्या नावावर आहेत, हाच सगळा प्रश्न होता; त्या नावांमुळेच नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. सभासदांची नावे ही आजच्या व्याख्येने शंभर टक्के वैयक्तिक माहिती आहे. अलीकडचे पाहायचे तर 'लाडकी बहीण' योजनेत सुमारे २६ लाख लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे छाननीत आढळले, हे शासनानेच २०२५ मध्ये सांगितले. त्यांत पुरुषही निघाले. मुंबईतील संगणकाला जे वर्षभराने कळले, ते गावातील बायकांना पहिल्याच महिन्यात यादी वाचून दाखवली असती तर कळले असते. कोणाच्या घरी चारचाकी आहे आणि कोणाचा नवरा सरकारी नोकरीत आहे, हे गावात कोणाला माहीत नसते?

आपल्याकडे तशी रीतही आहे. चावडी वाचन हा शब्द महसूल खात्यात नवा नाही. सातबारा संगणकावर चढवताना उतारे चावडीवर वाचले गेले, २०१७ च्या कर्जमाफीच्या याद्याही चावडीवर वाचल्या गेल्या. मी स्वतः त्या वाचनांना बसलो आहे. तलाठी नाव, गट आणि रक्कम मोठ्याने वाचतो, मागून कोणीतरी ओरडते, 'अहो, तो वारला की तीन वर्षांपूर्वी', आणि तलाठी त्या नावापुढे पेन्सिलने फुली मारतो. त्या वाचनात कधी कोणाचा खाते क्रमांक वाचला गेला नाही, कोणाचा आजार वाचला गेला नाही, कारण त्याची कोणाला गरजच नव्हती. काय वाचायचे आणि काय नाही, हे त्या तलाठ्याला कोणत्याही अधिनियमाने शिकवलेले नव्हते.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये या कलमात बदल सुचवला होता, हे खरे आहे. परंतु त्यात माहिती दिल्याने होणारी हानी आणि जनहित यांची तुलना करण्याची कसोटी कायम होती. त्याआधी २०१२ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या गटाने तर खासगीपणाच्या कायद्याने माहितीचा अधिकार आकसू नये, असेच मत दिले होते. संसदेने निदान यांतील एक तरी वाट धरावी आणि मूळ शब्द परत आणावेत, ही माझी पहिली मागणी आहे. ती लगेच पुरी होईल अशी आशा मला नाही.

दुसरी मागणी राज्य शासनाकडे आहे, आणि तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढावे. कलम ८ (१) (ञ) खाली नकार देताना कलम १० प्रमाणे काही भाग देता येतो का आणि कलम ८ (२) प्रमाणे जनहित आहे का, याची कारणे उत्तरातच लिहिणे बंधनकारक करावे. कलम ८ (२) चा निर्णय घेण्याचे अधिकार तालुका पातळीवर कोणाकडे आहेत, ते पदनामासह जाहीर करावे. कलम ४ खालच्या याद्यांत नाव, गाव, योजना, रक्कम आणि तारीख हे रकाने खुले ठेवावेत. आधार, खाते, मोबाइल, आजार आणि अंगठा हे झाकावेत. आणि झाकायचे रकाने संगणकप्रणालीतूनच छापले जाऊ नयेत, म्हणजे कोणा कर्मचाऱ्याच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून राहणार नाही. २०१८ मध्ये याच विभागाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू देण्याविषयी परिपत्रक काढले होते. किती कार्यालयांत त्या वेळेत कपाटाची चावी जागेवर सापडते, हा वेगळा विषय आहे. पण असे परिपत्रक काढता येते, एवढे तरी त्यावरून दिसते.

मी पहिले अपील दाखल केले आहे. सोबत दोन्ही कागदांच्या प्रती आपल्या माहितीसाठी पाठवीत आहे. अनुदानाच्या यादीतील मोबाइल, खाते आणि आधारचे रकाने मी जुन्या पद्धतीने पट्टी ठेवून झाकले आहेत. नावे मात्र, आपली खात्री व्हावी म्हणून, तशीच ठेवली आहेत. यादीचे छायाचित्र छापायचे ठरल्यास ती नावेही कृपया झाकावीत. आमच्या गावात ती सर्वांना माहीत असणे योग्यच आहे, पण आपल्या वाचकांना त्यांचा काही उपयोग नाही.

आपला,
एक निवृत्त जन माहिती अधिकारी,
सोलापूर जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)